निरोग्यांच्या यादीतला मामा

पिंप्राळा, जळगाव
मंगळवार

तीर्थस्वरूप शेवंताअक्का,

हितेंद्रचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? दाजी पथ्य पाळतात का, की डॉक्टरांपुढे मान डोलावतात आणि घरी येऊन शेवभाजी मागतात? चोपड्यात सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. आम्हीही खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडून पुढे जातो. (फोन न करता पत्र का, असं विचारशील. आमच्या घरी फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात आणि बोलणाऱ्यापेक्षा ऐकणारे जास्त असतात.)

तर तुझ्या सांगण्यावरून धुळ्याला जाऊन आलो. तुझ्या नवीनला संशोधनासाठी पन्नाशीची, मनानं ठणठणीत माणसं हवी होती आणि तू माझं नाव सुचवलंस; का, तर भरीत पार्टीत सगळ्यांना हसवतो तो मीच. नूतन बरोबर आलीच. रक्त उपाशीपोटी द्यायचं हे तिला माहीत होतं, पण नवरा रिकाम्या पोटी एसटीत बसणार हे तिला बघवेना. तिनं मला दोन कळण्याच्या भाकरी खायला घातल्या आणि नवीनसाठी डब्यात भरीत घेतलं. म्हणून रक्त दुसऱ्या दिवशी, आणि तोवर मुक्काम नवीनच्या खोलीवर. (खाट एक, माणसं तीन. पुढचं विचारू नकोस.)

नवीननं मला सगळं समजावलं. पेशीत आरएनए नावाचे धागे असतात. त्यांतले काही प्रथिनं बनवायची कृती पोचवतात. काही स्वतः प्रथिनं बनवण्याच्या कामी येत नाहीत, त्यांना पूर्वी लोक अडगळ समजत. (दुकानात पंपाची एकच मोटार मी पंधरा दिवस उघडी ठेवून बसलोय, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.) आता कळलंय, की दुसऱ्यांनी किती काम करायचं हे ठरवण्यात यांचाच हात असतो, आणि मन आजारी असलं तर रक्तातलं यांचं प्रमाण बदललेलं असू शकतं. अक्का, खरं सांगतो, मी नुसता तुझ्या शब्दाखातर गेलो नव्हतो. वाटलं, रक्तच काय ते सांगून टाकेल, मला तोंड उघडावं लागणार नाही.

पण सुईच्या आधी प्रश्नांचा कागद निघाला. विधी नावाची मुलगी विचारत होती, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, झोप कशी लागते, कशात रस वाटतो का. मी घसा साफ करेपर्यंत नूतननं उत्तर दिलं, "यासले काय व्हयनं शे? बठ्ठं बरं शे." विधी म्हणाली, काकांना बोलू द्या. काकांनी काय बोलावं? शेजारी बायको, दारात भाचा, भाच्याच्या हातात भरताचा रिकामा डबा. मीही म्हणालो, बठ्ठं बरं शे, काही तक्रार नाही. वर एक विनोदही केला. विधी हसली आणि शून्यावर शून्यं मांडत गेली. नूतनचा दोष नाही. मी डोळे मिटून पडून राहतो, त्याला ती झोप समजते. जूनपासून मला काही गोड लागत नाही, अक्का. लोकांना हसवताना फार थकायला होतं.

निघताना नवीनला सहज विचारल्यासारखं विचारलं, माझा निकाल कधी? तो म्हणाला, मामा, यात एकेकट्याचा निकाल नसतो, शास्त्र अजून तिथवर आलेलं नाही. आजारी लोकांचं रक्त तुमच्यासारख्यांच्या रक्ताशी ताडून बघायचं. म्हणजे आता धुळ्या-जळगावातली दुःखं माझ्या आनंदावर मोजली जाणार. पोराच्या अभ्यासाचं माझ्या हातून वाटोळं होतंय आणि ते बिचारं मला स्टँडवर सोडायला येऊन पाया पडलं.

दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ,
हितेंद्र

ता. क. नवीनला सांग, मामाला निरोग्यांच्या यादीतून काढ. आणि त्याच्या ओळखीचे मनाचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जायला गुडघा चालत असेल तर तू माझ्याबरोबर ये. एकटा गेलो तर त्यांनाही हसवून परत येईन.

आणखी एक. यातलं नूतनला काही कळू देऊ नकोस, असं लिहिणार होतो. पत्र पेटीत टाकायला तिच्याच हाती देतोय. पाकीट चिकटवलेलं नाही.