चिठ्ठीशिवाय तिकीट नाही

सोमवार, ३ जून

मुख्याध्यापकांनी हेही काम माझ्याच गळ्यात मारलं. माहितीपत्रकासाठी एक पान — ‘शाळा लहान गावात असण्याचे फायदे’. शुक्रवारपर्यंत! “बाई, सव्वीस वर्षं वसतिगृह सांभाळताय, तुमच्याइतकं कोणाला ठाऊक?” सव्वीस वर्षांत पाय सुजलेत, एवढं ठाऊक आहे. आधी चाळीस गाद्या उन्हात घालायच्या आहेत.

मंगळवार, ४ जून

फायदे. मोकळी हवा. गोंगाट नाही. दवाखाना चार मिनिटांवर, डॉक्टरीणबाईंना प्रत्येकीचा घसा तोंडपाठ. कोपऱ्यावरचा दुकानदार तिसरं चॉकलेट मला विचारल्याशिवाय देत नाही. पुढे सुचेना. पेन ठेवून दिलं.

बुधवार, ५ जून

ती नवी मुलगी — पाचवीतली, सारखी नाक ओढणारी — दुपारी दप्तर घेऊन थेट स्टँडवर! वीस मिनिटांत तिकीट-खिडकीवाल्या काकांचा फोन. “बाई, तुमची एक चिमणी आलीय. चिठ्ठी नाही जवळ.” आमच्या शाळेतल्या कोणालाही माझ्या सहीच्या चिठ्ठीशिवाय तिकीट द्यायचं नाही. नाव, कुठे जाणार, परतीची तारीख. नियम माझाच.

आणायला गेले, तर काकांनी तिला बिस्किटं दिलेली. मला बघून पुडा बाजूला ठेवला आणि मुकाट्याने उठली. रडलीसुद्धा नाही.

मुख्याध्यापक खूश. “हे लिहा बाई! इथून मूल हरवूच शकत नाही. शहरातल्या शाळांनी दाखवावं करून!”

लिहिलं. पानावरचा सगळ्यात चांगला फायदा तोच आहे.

गुरुवार, ६ जून

लेकीचा फोन. तिला कंपनी दोन वर्षं परदेशी पाठवतेय, नातीला नेता येणार नाही. “तुझ्याच शाळेत टाकते आई. तू आहेस म्हणजे मला घोर नाही.” नऊ वर्षांची नात माझ्याजवळ राहणार! पायदुखी विसरले. मग लेक म्हणाली, “ती झोपणार कुठे? तुझ्या खोलीत, की सगळ्यांबरोबर?”

नियमाप्रमाणे सगळ्यांबरोबर. “बघते,” एवढंच म्हटलं. “बरं, उद्या सांग,” म्हणाली.

तिने उगाच नाही विचारलं. दहा वर्षं ती त्याच हॉलमध्ये झोपली, तिसऱ्या रांगेत, माझ्या दारापासून चौदा पावलांवर. मला ‘बाई’च म्हणायची — मीच सांगितलं होतं, आपपरभाव नको म्हणून. दहा वर्षांची असताना ती एकदा स्टँडवर गेली. आत्याकडे जायचं म्हणे. काकांनी परत आणून सोडलं, तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. दुसऱ्याच दिवशी मी चिठ्ठीचा नियम केला. पण का गेलीस, हे तिला विचारलं नाही. बाकीच्यांची विचारपूस करता करता राहूनच गेलं. फार लाज वाटते.

शुक्रवार, ७ जून

पान दिलं. अकरा फायदे. मुख्याध्यापक म्हणाले, “वाचून कोणीही मूल इथेच ठेवील!” त्यांची स्वतःची मुलगी शहरात शिकते, आईजवळ राहून.

मधल्या सुट्टीत नाकओढीला बोलावून विचारलं, का गेली होतीस. म्हणाली, “आईने तिथूनच टाटा केला होता. तिथे असेल असं वाटलं.”

लेकीला फोन लावला. “तिला इकडे पाठवू नकोस.”

ती एकदम तुटक. “ठीक आहे. तुला जमत नसेल तर—”

“अगं, ऐक तरी! मीच येते. तुझ्या घरी राहीन तिच्याजवळ.”

ती म्हणाली, “आणि तुझ्या चाळीस जणी?”

त्यांना वसतिगृहाच्या धाकट्या बाई आहेत. लेकीला त्या वेळी कोणी नव्हतं. हे मात्र फोनवर बोलता आलं नाही.

शनिवार, ८ जून

बसमध्ये लिहितेय. वसतिगृहाच्या किल्ल्या धाकट्या बाईंकडे दिल्या. काकांनी तिकीट-खिडकीतून हात पुढे केला — “बाई, चिठ्ठी?” थट्टाच. मी पर्समधून काढून दिली. नाव माझं, सही माझी. कुठे जाणार — लेकीकडे. त्यांनी चष्मा लावून नीट वाचली.

“परतीची तारीख राहिली, बाई.”

“राहू दे,” म्हटलं.