बसलेलं मढं

१० नोव्हेंबर, निलंगा

नाटक लिहून झालं! माझं बारावं. नायक मीच — दुसरं कोण? बाप मरून पडलाय आणि मुलगा त्याला जन्मभर न बोललेलं सगळं सांगतो. सलग वीस मिनिटं! लिहिताना स्वतःच रडलो. उज्वला चहा घेऊन आली. "कांदा चिरताय का?" बायको असावी तर अशी!

माझ्या वडलांनी, अण्णांनी, अकरापैकी एकही नाटक पाहिलेलं नाही. "तोंडाला रंग फासून काय भेटतंय?" — विषय संपला. या वेळी नांदेडच्या स्पर्धेला त्यांना न्यायचंच. नाटक त्यांच्यासाठीच आहे. हे त्यांना सांगायची हिंमत मात्र नाही.

१३ नोव्हेंबर

मढं व्हायला कुणी तयार नाही. एकही वाक्य नाही म्हणून! शेवटी किराणा दुकानवाले वीरण्णा कबूल झाले.

१४ नोव्हेंबर

पहिलीच तालीम, आणि वीरण्णा आडवे पडेनात!

"सर, आम्हा लिंगायतांत मेलेल्याला बसवत्यात. बसवूनच पुरत्यात. मी आडवा पडलेला आमच्या अव्वानं बघितला तर?"

अव्वा म्हणजे त्यांच्या आई, शांतम्मा. वय ब्याऐंशी. म्हटलं, अहो, नाटकातलं मढं लिंगायत नाही!

"पर माणूस मी हाय न्हवं?"



१५ नोव्हेंबर

मढं खुर्चीत बसलं. दुसरं मिळालं नाही.

२२ नोव्हेंबर

मढं टक लावून माझ्याकडे बघतं! डोळे मिटा म्हटलं, तर घोरतं.

२४ नोव्हेंबर

उज्वलासोबत शेतात जाऊन अण्णांना आमंत्रण दिलं. "नांदेडला? हरभऱ्याला पाणी कोण देणार?" नाटकात वीस मिनिटं बोलणारा मी, इथं तोंडातून शब्द फुटेना! उज्वलाच म्हणाली, "मामा, पाणी मी देते. तुम्ही जावा." अण्णा बैलांना चारा टाकत राहिले. ना हो, ना नाही.

३० नोव्हेंबर, नांदेड

प्रयोग झाला. हाहाकार!

तिसऱ्या घंटेला पडद्याच्या फटीतून पाहिलं — पाचव्या रांगेत अण्णा! धुतलेलं धोतर, मांडीवर पिशवी. "बाबा, तुम्ही मला एकदाही शाबास म्हणाला नाहीत," एवढं बोललो आणि मढ्यानं मान डोलावली! मग डोलावतच राहिलं. मी रडतोय, लोक हसून लोटपोट. परीक्षकांनी तोंडाला रुमाल लावलेला. आणि वीरण्णा नंतर म्हणतात काय — "बोलणं पटलं सर, म्हणून हललो."

अण्णांकडे बघायचं धाडस झालं नाही. रंग पुसून बाहेर येईपर्यंत ते निघून गेले होते. निलंग्याची गाडी होती म्हणे. लई वाईट वाटलं.

३ डिसेंबर, निलंगा

निकाल. वीरण्णांना अभिनयाचं प्रमाणपत्र! मला लेखनाचं उत्तेजनार्थ — "निखळ विनोदासाठी". वीरण्णा दुकानासमोर पेढे वाटतायत. मी दोन खाल्ले. रागानं.

४ डिसेंबर

सकाळी अण्णा आले. दारातच उभे राहिले, पायताणही काढलं नाही.

"तो वीरण्णा लई हालतो. पुढच्या येळी खुर्चीत मी बसतो. न हालता. तुला काय बोलायचं ते सगळं बोल."