हलवलेली मान

बुधवार, संध्याकाळ

रोजगार धोरणावर मत मांडायला आज सरकारी कचेरीत कारखानदारांसोबत आम्हा यंत्रमाग कामगारांनाही बोलावलं होतं. आमच्याकडून मी गेलो. मागांच्या खडखडाटानं कान गेलेत, तरी मागची खुर्ची का धरली मी? तिथले साहेब बोलले की, ऐकू आलं नाही तरी मान हलवायची. कारखान्यात मालकासमोर तीच सवय. शेवटी कागद पुढं आला: 'बारा तासांच्या पाळीला कामगार प्रतिनिधी सहमत.'

सहमत? मी?

"मी कधी म्हणालो हो असं?"

साहेब कानाशी येऊन ओरडले, "तुम्हीच मान हलवली की!"

सगळे बघत होते. सही केली. का केली?

येताना कारखान्यात डोकावलो. चालू मागाआडून जोडीदार नरसय्यानं आठ बोटं दाखवली: आठ तासांचं बोललास ना?

मी मान हलवली. या वेळी प्रश्न मात्र नीट कळला होता.