आईचं राहिलेलं सांगणं

आई, सोमवारी माझं ऑपरेशन आहे. पोटात गाठ आहे, ती कसली ते काढल्यावर कळेल म्हणतात. बेळगावच्या दवाखान्यातली नर्स सुई टोचताना दर वेळी कानडीत सांगते, "अंजब्याड्री, अक्का." घाबरू नका म्हणे. तिचं काय जातंय? मला भीती वाटते. जेवताना वाटते, पिरनवाडीच्या बसची वाट बघताना वाटते. शवपेटीवर पडणारी पहिली मूठभर माती तर मला आत्ताच ऐकू येते. सार्वकालिक जीवनावर माझा विश्वास आहे, संडे स्कूलमध्ये इतकी वर्षं मी तेच तर शिकवत आले. पण तेव्हा मरणारं माणूस दुसरंच कुणीतरी असायचं.

निपाणीच्या त्या खोलीत तू मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असायचीस. चर्चच्या मंडळीतलं कुणी शेवटाला आलं की तुला प्रार्थनेसाठी बोलावणं यायचं. तू कात्री बाजूला ठेवायचीस, साबणानं दोनदा हात धुवायचीस, तरी तंबाखूचा वास जायचा नाही. दहावीत असताना एका म्हातारीकडं मी तुझ्याबरोबर आले होते. शहाणपणानं म्हणाले, आजी, भिऊ नका, तुम्ही देवाकडं चाललाय. गल्लीत आल्यावर तू माझा दंड धरलास.

"भिऊ नगं म्हणायला तुजं काय जातंय गं? भ्या वाटतंय का, ते इचारायचं. व्हय म्हणाली तर तिच्या वतीनं प्रभूला सांगायचं. त्याला कळतंय. क्रुसावर जायच्या आदल्या राती बागेत त्यो सोता भ्यालता."

मग तुझी वेळ आली. भर दुपार होती, घरात आपण दोघीच. मी काही विचारलं नव्हतं, तूच माझं मनगट धरलंस. "मला लई भ्या वाटतंय गं. माझ्या तोंडातनं प्रार्थना येईना. तू सांग त्याला."

आणि मी काय केलं? तूच भ्यालीस तर माझ्याजवळ राहिलं काय, एवढंच डोक्यात आलं. पाठ असलेलं स्तोत्र मी मोठमोठ्यानं म्हणायला लागले, तुझं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून. संपलं की परत पहिल्यापासून. थांबले तेव्हा मनगटावरचा हात सैल झाला होता.

तुझ्या स्मरणाच्या उपासनेत पाळकांनी मला साक्ष द्यायला, तू कशी गेलीस ते सांगायला, उभं केलं. मी म्हणाले, आई गीत गात गेली. बायका रडल्या, किती धन्य मरण म्हणाल्या. वीस वर्षं झाली, मंडळीत कुणी आजारी पडलं की तुझं ते गाणं अजून सांगतात. गेल्या रविवारी मलाच सांगितलं. गात गेलेल्या बाईची लेक तू, तुला कसलं भ्या? माझंच खोटं माझ्या उशाशी येऊन बसलं. मी हसले, मान हलवली. भ्या वाटतंय का, असं कुणी विचारत नाही. विचारणारी एकटी तूच होतीस.

आज सकाळी मेथी निवडता निवडता हात थांबले. तिथंच फरशीवर डोळे मिटले आणि म्हणाले, प्रभू, माझी आई भ्यालीय, तुला सांग म्हणाली होती. सांगायला इतका उशीर झाला याची लाज वाटली, रडूही आलं. मग म्हणाले, आणि तिची लेकपण. भीती गेली नाही. पण ती सांगायला कुणीतरी आहे, ते ऐकतंय, एवढं मात्र वाटलं. तुझ्या हाताचा वासही आला, पण तो मेथीचाच असेल.

हे पत्र तुझ्या पवित्र शास्त्रात ठेवून देते. उद्या रविवार. ऑपरेशनच्या आधी साक्षीला उभी राहा, असं पाळक म्हणालेत. तू गात गेली नाहीस, हे तिथं सांगायला हवं. आई, त्याची मला ऑपरेशनपेक्षा जास्त भीती वाटते.