आईच्या लांब रोटीसाठी टेबल

रविवार, फेब्रुवारी १९७८

टेबल झालं एकदाचं! गुडघ्यांमुळे आईला चुलीपुढे बसवत नाही, म्हणून कधीपासून घरात लांब रोटी बंद. मी काय उगीच वेल्डर आहे? अंगणात लोखंडी अँगलचं टेबल जोडलं, वर फरशी, फरशीवर मातीची कोळशाची शेगडी. उंची बरोब्बर आईच्या कमरेइतकी. मापात आपण चुकत नाही.

पण शेगडीवर रोटी भाजायचं मटकं पालथं घातलं, तर ते थेट तिच्या गळ्याशी! हे कसं सुचलं नाही मला? सैल कणीक हातांवर कोपरापर्यंत लांबवून आई तशीच उभी. म्हणाली, "काहून गा, शिडीवर चढून रोटी टाकू का मी?"

लगेच टेबलाचे पाय कापले. मग काय! आईनं उभ्यानं रोटी टाकली, रुमालासारखी पातळ. माझी बायको उंच, तिला मात्र आता वाकावं लागतं. जेवताना आई तिला म्हणाली, "ते कापलेले तुकडे ठेव वं. मी गेल्यावर याले परत जोडाले सांगजो."

हात न धुताच उठलो आणि तुकडे भंगारवाल्याला देऊन आलो. उंची आता हीच.