झोळीतला डबा

पिंगळी, ता. जि. परभणी
१० ऑक्टोबर १९८८

ती. भुजंगदादास मनकर्णाचा शि. सा. न. वि. वि.

इकडं आमी सगळे मजेत हाव. मेंढरं पण मजेत हायेत. बाबांनी आधी मेंढरांचं लिही म्हणून सांगितलं, ते लिहून झालं.

आता खरी गोष्ट. कासाआत्याच्या, खंडोबाच्या बाणाईच्या ओव्या मी आपल्या टेपवर भरल्या होत्या ना, त्या घेऊन मी आणि आत्या परवा औरंगाबादला कॅसेटवाल्याकडं जाऊन आलो. त्यानं पूर्ण ऐकल्या. आवाज खणखणीत हाय म्हणाला, पण कोरडा हाय. देवाच्या गाण्याला गुंज पाहिजे, देवळात बसून म्हटल्यावाणी. स्टुडिओचा खर्च नव्या बाईवर करायची त्याची तयारी न्हाई. त्यानं दुसरी वाट सांगितली. ओव्या कागदावर लिहून द्या, मी शहरातल्या गाणारणीकडून म्हणून घेतो. म्हणजे आत्याचा आवाजही न्हाई आणि नावही न्हाई. माळेगावच्या जत्रेत कॅसेट विकायची हाय म्हणून त्यानं २५ नोव्हेंबरची मुदत घातली.

आत्यानं आपली कॅसेट उचलली आणि निघाली. एसटीत बसल्यावर म्हणाली, ओवी जाईल तर माझ्या तोंडातून जाईल, न्हाईतर माझ्यासंगं सरणावर जाईल. दादा, तुला सगळं माहीत हाय. लेकरू झालं न्हाई म्हणून सासरच्यांनी तिला इथं आणून सोडलं, त्याला एकोणीस वर्षं झाली. ती माणसं दरसाल माळेगावला येतात, म्हणून ती त्या जत्रेचं नावसुद्धा काढत न्हाई. एवढ्या वर्षांत तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट हाय.

तू पुण्यात लाऊडस्पीकरच्या दुकानात काम करतोस. गुंज आणायची मशीन असते म्हणं. आपल्याला झेपंल अशी कोणती ते कळव. उगं शहरी ऐट मारू नको.

लोभ हाय तेवढा असू दे, वाढला तर आमी तक्रार करणार न्हाई.

तुझी लहान बहीण
मनकर्णा

*

पुणे
१६ ऑक्टोबर १९८८

चि. मनकर्णास अनेक आशीर्वाद. ती. बाबांना व आत्याला दंडवत.

पत्र वाचून त्या कॅसेटवाल्याचा लय राग आला. आत्याची ओवी दुसरी कोण म्हणणार गं? तिला म्हणावं, फिकीर करू नको.

मशीन तीन तऱ्हेच्या असतात. पहिली परदेशी, सगळं आत हिशोबानं चालतं, दिवे लुकलुकतात. तिची किंमत बारा हजार. ती विसर. दुसरी टेपवाली एको मशीन. तिच्यात टेपचं एक छोटं कडं गरगर फिरतं आणि आवाज पुन्हा पुन्हा ऐकवतं. जुनी अडीच हजाराला मिळंल, दोस्ताकडून हातउसने आणता येतील. तिसरा स्प्रिंगचा डबा. पत्र्याच्या पेटीत दोन लांब स्प्रिंगा ताणलेल्या असतात. आवाज एका टोकानं आत जातो, स्प्रिंगा थरथरतात, दुसऱ्या टोकानं गुंज घेऊन बाहेर येतो. असा एक डबा आमच्या मालकानंच बनवलेला पडून हाय. साडेतीनशे म्हणतो. आणि वापरून बघा, पटला न्हाई तर जत्रेनंतर परत करा असंही म्हणाला.

माझं मन टेपवाल्या मशीनवर हाय. आत्याला साधं काही नको. तरी तू विचार करून कळव. अभ्यासात न्हाई तरी अशा कामात तुझं डोकं चालतं.

आशीर्वाद आहेतच, राग असंल तर तोही कळव.

तुझा दादा
भुजंग

*

पिंगळी
२२ ऑक्टोबर १९८८

ती. भुजंगदादास शि. सा. न. वि. वि.

माझ्या अभ्यासाचं तू बोलू नको, तू दहावीला दोनदा बसलास.

दादा, तू पुण्याला राहून गावची लाईट विसरलास. सांजच्याला विहिरीवरच्या मोटारी सुरू झाल्या की आपला बल्ब हळदीवाणी पिवळा होतो. आपली टेपच तेव्हा ढिली पडते आणि आत्याचा आवाज बाप्यावाणी येतो. तुझी ती गरगरणारी मशीन पण ढिली पडली तर? गुंज एकीकडं आणि ओवी एकीकडं! स्प्रिंगला काय फिरायचं हाय? म्हणून मी सिताराम रेडिओवाल्याला परभणीत जाऊन विचारलं. तो म्हणाला, स्प्रिंगचा डबा बिघडला तर मी नीट करीन, टेपवाल्या मशीनला हात लावणार न्हाई. आपल्या गावाला चालंल ती मशीन खरी.

तर डबाच पाठव. दिवाळीला आपल्या गावचा पंडित पुण्याहून येतोय, त्याच्यासंगं दे. मांडीवर घेऊन बस म्हणावं.

आत्यानं आठ दिवसांपासून गार पाणी सोडलंय. सकाळी मेंढरांपुढं गळा साफ करते, मेंढरं बेजार झालीत.

माया पातळ करू नको.

मनकर्णा

*

पिंगळी
१२ नोव्हेंबर १९८८

ती. भुजंगदादास शि. सा. न. वि. वि.

डबा दिवाळीच्या आदल्या दिवशी पोचला. पंडितनं खरंच मांडीवर आणला. पण दादा, तुझ्या डब्यात जीव न्हाई! माईकची वायर डब्यात, डब्याची टेपमध्ये, सगळं तू चिठ्ठीत काढून दिलंस तसंच केलं. आत्याचा आवाज येतो, पण कोरडा ठणठणीत. बटण पूर्ण फिरवलं तर नुसतं सू सू. सितारामला आणलं, त्यानं वायरी बघितल्या, सगळं बरोबर हाय म्हणाला.

तेरा दिवस राहिले. काल आत्यानं मला वही आणायला सांगितली. ओव्या लिहून घे म्हणाली. त्या दुसरीच्या तोंडी का होईना पण राहतील, माझ्याबरोबर कशाला जाळू. पहिल्या चार तिनं सांगितल्या आणि मी लिहिल्या, आणि लिहिताना मला इतकं रडू आलं की कागद भिजला. बाबा तर जेवले पण न्हाईत. लवकर काय ते कळव, माझी अक्कल संपली.

मनकर्णा

*

पुणे
१५ नोव्हेंबर १९८८

चि. मनकर्णास आशीर्वाद.

वही बंद कर. डबा निघताना मी स्वतः वाजवून बघितला होता, देवळावाणी घुमत होता. वरचे चार स्क्रू काढ आणि आत बघ. स्प्रिंगा मोकळ्या थरथरायला पाहिजेत. त्यांना काडीसुद्धा लागता कामा नये. आणि आत्याला सांग, माझ्या जिवाची शपथ, अजून एक ओवी कागदावर द्यायची न्हाई.

भुजंग

*

पिंगळी
२० नोव्हेंबर १९८८

ती. भुजंगदादास शि. सा. न. वि. वि.

आधी हसून घे, मग वाच. तुझं पत्र आलं तसा डबा उघडला. आत काय असावं? लोकर! काळी, पिंजलेली, दाबून दाबून भरलेली. मी बाबांकडं बघितलं. बाबा आढ्याकडं बघायले.

झालं असं. डबा आला त्या दिवशी बाबांनी तो हलवून बघितला. आत खुळखुळ वाजलं. त्यांना वाटलं, पंडितनं रेल्वेत आपटला आणि आतलं निखळलं. उघडलं तर दोन तारा नुसत्या लटलट कापायलेल्या. काचेचा कंदील असो, अंडी असोत, आपल्यात नाजूक चीज लोकरीत बसवतात. बाबांनी पण मायेनं बसवली आणि स्क्रू लावून टाकले. मला कुणी विचारलंच न्हाई म्हणतेत वर! आत्या आधी चिडली, मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की मला वाटलं हिचा गळा आता बसतोय.

लोकर काढली आणि आत्यानं एक हाक मारली. दादा, अंगावर काटा आला. आपल्या पत्र्याच्या घरात सगळं देऊळ येऊन बसलं.

पण बला एवढ्यावर टळली न्हाई. चौथ्या ओवीला मेंढरं घराकडं परतली. त्यांच्या खुरांनी भुई हादरली आणि डब्यात आभाळ गडगडलं! बाई चालली तरी गडगड, म्हातारा खोकला तरी गडगड. तेव्हा आत्या उठली. तिच्या पेटीतून तिनं एक झोळी काढली. घोंगडीची, जाड, लाल काठाची. मी ती कधी बघितली नव्हती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिनं स्वतः विणून घेतली होती, लेकरासाठी. तिनं ती आढ्याच्या दांडीला बांधली, डबा आत निजवला आणि बाबांना म्हणाली, आता भर तुझी लोकर, पण बाहेरून. बाबांनी चारी अंगानं लोकर लावली. मग सगळा कळप दारावरून नेला, तरी डबा हू की चू न्हाई.

गुंज किती ठेवायची यावर थोडं भांडण झालं. मला भरपूर पाहिजे होती. आत्या म्हणाली, धूप देवापुढं वास येईल एवढा जाळावा, डोळ्यात पाणी येईल एवढा न्हाई. मग बटण पाव भागावर ठेवलं. सकाळी लाईट चांगली असते, तेव्हा एका बैठकीत बाराच्या बारा ओव्या भरल्या. परवा मी आणि पंडित औरंगाबादला निघतोय. तू खंडोबाला हात जोडून बस.

मनकर्णा

ता. क. बाबा म्हणायलेत, लोकरीनंच काम झालं हे लिही. लिहिलं.

*

पिंगळी
११ जानेवारी १९८९

ती. भुजंगदादास शि. सा. न. वि. वि.

कॅसेटवाल्यानं पास केली हे तारेनं कळवलंच होतं. तीन वेळा ऐकून त्यानं विचारलं, कोणत्या स्टुडिओत भरली? मी बाबांचं नाव ठोकलं, येडबा धनगराच्या. नाव काय छापू, नवऱ्याचं की बापाचं, असं त्यानं विचारलं, त्याचं उत्तर आत्यानं आधीच पाठ करून दिलं होतं. नुसतं कासाबाई पिंगळीकर.

आणि दादा, आत्या माळेगावला आली! एकोणीस वर्षांनी! नवं लुगडं नेसून, बाबांच्या पुढं चालत. घोडेबाजाराच्या तोंडाशी कॅसेटचं दुकान होतं, कर्ण्यातून आवाज आला आणि तो तिचाच होता. ती उभीच राहिली. लोक थांबून ऐकायले. एक म्हातारी डोळे पुसायली. तिच्या सासरचे चौघं समोरच्या हॉटेलात चहा प्यायला बसले होते. त्यांनी तिला ओळखलं. तिची जाऊ उठून आली, दुकानातून एक कॅसेट घेतली आणि आत्याच्या पाया पडून गेली. आत्यानं तिला सुखी रहा म्हटलं, मान खाली न घालता.

बाबा दुकानदाराला पुन्हा लाव पुन्हा लाव म्हणून पाच वेळा म्हणाले असतील. आजवर जत्रेत तिला येडबाची बहीण म्हणायचे. यंदा लोक बाबांना बोट दाखवून सांगायले, तो बघा कासाबाईचा भाऊ. बाबांनी फेटा दोनदा नीट केला.

कॅसेटवाल्याला पाडव्याच्या आत दुसरी पाहिजे. साडेतीनशे रुपये मनिऑर्डरनं पाठवलेत, तुझ्या मालकाला दे. डबा परत येणार न्हाई. काल मी तो काढून फडताळात ठेवायला निघाले तर आत्यानं माझा हात धरला. झोळीला एक झोका दिला आणि म्हणाली, भुजंगला लिही, झोळीतलं लेकरू कुणी परत मागत नसतं.

सगळ्यांची माया तुझ्यावर हायच, तुझी आमच्यावर असू दे.

कासाबाई पिंगळीकरांची भाची
मनकर्णा