मामीचा कढीपत्ता आणि संडासाची टाकी

आष्टा, मंगळवार (बहुतेक)

तीर्थस्वरूप मामांस, भाचा वीरधवल याचा पाय धरून नमस्कार. (तुमी सीमेवर, फोन कधीमधीच लागतो, त्यामुळं लांबूनच.) तब्येत कशी हाय? इकडं सगळे बरे, फक्त तुमच्या घराचं पोट बिघडलंय.

म्हंजे असं, की मी निघालो होतो मेढ्याला मित्राकडं, वाटेत दोन दिवस मामीकडं टेकलो. (मेढ्याकडचा भात लय गोड असतो, पण ते नंतर.) तर संडासात पाणी ओतलं की ते खाली जायच्याऐवजी वर येऊन आपल्याकडंच बघायला लागलं. टाकी तुंबली. पुढच्या महिन्यात तुमच्या दीपमालाची सुपारी फोडायला पाहुणे येणार, आणि मामीनं आत्ताच फर्मान काढलंय, की पाहुण्यांना चहा अर्धा कपच द्यायचा.

मी नगरपालिकेत गेलो. (येताना भेळ खाल्ली, बरी होती.) तिथल्या मॅडम म्हणाल्या, घर ज्याचं टाकी त्याची, दर तीन वर्षांनी उपसायची जबाबदारी पण त्याचीच, मात्र झाकण उघडून दाखवलं तर मैला उपसायच्या गाडीचा निम्मा खर्च आमचा. आता तुमी तर वास्तुशांतीला पाहुण्यांना जेवायच्या आधी टाकी दाखवत होता, 'नातवंडांच्या लग्नापर्यंत भरत न्हाई' म्हणून. नातवंडं राहिली लांब, लेकीच्या सुपारीलाच भरली. आणि झाकण कुठं हाय, कुणालाच ठावं न्हाई.

मग मी डोकं चालवलं. अंगणातला मामीचा कढीपत्ता पत्र्याच्या वर गेलाय, अख्खी गल्ली त्याचीच फोडणी घालती. एवढं खत त्याला कोण घालतंय? म्हंजे झाकण त्याच्याच बुडाशी! हे मी शेजारच्या चंपाकाकूंना सांगितलं, तर त्या हातातल्या डहाळीकडं बघतच राहिल्या. (त्या जैन, जमिनीखालचा कांदा-बटाटासुद्धा खात न्हाईत.) "आवं काकू, पाला वरचाच की!" म्हटलं, तर म्हणाल्या, "गप रं मुडद्या!" डहाळी मात्र घेऊन गेल्या.

मामी म्हणती, झाडाला हात लावलास तर तुझा हातच उपटीन. तरी झाड तोडायची परवानगी तुमी द्यावी. सुट्टीवरनं परत निघालेले तुमच्या पलटणीतले जयराज हवालदार हे पत्र आणतील.

आपला,
वीरधवल

ता. क. : एवढ्यात गाडी आली, मामी बाजारात गेलेली, झाड तोडलं. खाली झाकण न्हाई, नुसती टाकीला गेलेली चीर. गाडीवाल्यानं पहारीनं ठोकत ठोकत पोर्चमध्ये पोकळ आवाज काढला. झाकण फरशीखाली. तीच फरशी, जी तुमी मागच्या सुट्टीत गवंड्याला हाकलून स्वतः बसवली. टाकी मोकळी झाली, निम्मा खर्च मंजूर, पाहुण्यांना आता भरून कप.

आणखी ता. क. : मामी बाजारातनं आली. झाड तोडायला मामांनीच फोनवर सांगितलं, असं मी सांगून बसलोय. सुपारीला याल तवा फक्त 'व्हय' म्हणा. मामीला दिसायच्या आत फुटक्या फरशीवर मी सतरंजी टाकलीय आणि तिच्यावरच बसून हे लिहितोय. तुमी 'न्हाई' म्हणालात, तर मला उठावं लागंल.